उंच धरलेली छत्री

शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून ऊर्मीचा फोन आला, “अप्पा, लंकेचं ठरलं. तिथल्या देवळात व्हीलचेअरसाठी उतार आहे, हत्ती बघायच्या जीपलाही फळी लावतात. आईला घेऊन खुशाल निघा.” कृष्णकांतांनी माळ्यावरून जुनी काळी छत्री काढली. लग्नानंतर रेल्वेच्या पासावर रामेश्वर, तिथून बोटीने लंका गाठली होती, तेव्हा गर्दीत बायको चुकू नये म्हणून हीच छत्री उंच धरून ते भराभरा पुढे चालायचे. “हत्तींचा अख्खा कळप दाखवला होता तुला, आठवतो?” व्हीलचेअरमधल्या अलकनंदाबाईंना त्यांनी विचारलं. “कळप तुम्ही पाहिलात. मी धापा टाकत पोचेपर्यंत तो झाडीत शिरला होता. मला आठवते ती तुमची पाठ आणि ही छत्री.” ते ओशाळून छत्री बॅगेत ठेवू लागले. बाईंनी हात पुढे केला. “द्या इकडे. या खेपेला पुढे मी, मागे तुम्ही. चुकाल नाहीतर.”