फळ्यावरचा डोंगर

"डोंगर असा असतो? अंगणवाडीतलं पोरसुद्धा असा काढणार नाही!" मी तनुजाचा कागद सगळ्या तिसरीला उंच धरून दाखवला. फळ्यावर मी काढून दिलेल्या चित्रात दोन त्रिकोणी डोंगर होते आणि मधून सूर्य उगवत होता. एकोणचाळीस पोरांनी ते मुकाट्यानं उतरवून घेतलं होतं. हिच्या डोंगराला शेंडाच नव्हता. एका अंगानं तो उभा कापलेला, पायऱ्यापायऱ्यांचा.

"उद्या प्रदर्शनाला साहेब येणार आहेत. हे लावू भिंतीवर?"

"बाई, मी बघून काढलाय."

वर तोंड करून बोलणारी पोरं मला खपत नाहीत. दंडाला धरून मी तिला वर्गाच्या मागच्या खिडकीशी नेलं. खडी क्रशरच्या धुळीपायी ती आम्ही दोन वर्षं उघडली नव्हती. गंजलेली कडी ठोकून काढली. "दाखव, कुठाय तुझा डोंगर!"

तिनं बोट केलं.

समोर तोच होता. शेंडा नसलेला, पायऱ्यापायऱ्यांचा. खाणीतलं मशीन त्याची उरलेली बाजू पोखरत होतं. सगळा वर्ग माझ्या मागे येऊन उभा राहिला. कुणीही हसलं नाही.

मी धाडकन खिडकी लावली. "फळ्याकडं बघूनच काढायचं! बसा जागेवर!"

पोरं परतली. बाकांवरच्या चित्रांचे रंग अजून ओले होते. एकोणचाळीस हिरव्यागार डोंगरांवर करडी धूळ चिकटली होती.

माझ्या हातातला तनुजाचा डोंगर आधीपासूनच करडा होता.