टाकीचं गणित

शाळेच्या नव्या टाकीला झेंडूचा हार घातला होता आणि वर ठळक रंगवलं होतं, ‘दहा हजार लिटर’. भोगले गुरुजींनी आदल्याच दिवशी ती टेपनं मोजली होती. तेव्हापासून त्यांना हसू आवरत नव्हतं.

“उद्घाटनाला पाहुणे आलेच आहेत, तर एक गणित होऊन जाऊ दे,” गुरुजी साळसूदपणे म्हणाले. “टाकी आतून दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच. पाणी किती मावेल? तेजल, ऊठ.”

पाचवीतली तेजल गणितात पहिली. टाकी बांधणारा ठेकेदार तिचाच बाप. त्याचं पितळ लेकीच्याच तोंडून उघडं पाडायचं, ही गुरुजींची खोडी.

“लाजतेस काय गं? सांग की खणखणीत!” खुर्चीतून बाप ओरडला.

तेजलनं पाटीवर गुणाकार केला. सहा घनमीटर, म्हणजे सहा हजार लिटर. तिनं टाकीवरचा आकडा वाचला, मग बापाकडं बघितलं. तो टाळी वाजवायला हात उचलूनच बसला होता. तिनं तळहातानं पाटी पुसली.

“दहा हजार, गुरुजी.”

“बघा, पोरगी कुणाची आहे!” बाप म्हणाला. टाळ्या कडाडल्या. तेजल मात्र खाली मान घालून उभी होती.

गुरुजींनी पाटी हातात घेतली. पुसलेला सहा अजून पुसट दिसत होता. त्यांनी त्याच्यावरच खडूनं बरोबरची खूण केली आणि पाटी तिला उलटी करून दिली.