उचललेलं चरण

भिवाबुवांच्या छातीवर डॉक्टरांनी बसवलेली यंत्राची चकती हृदयाची लय सांभाळणारं औषध आपणहून सोडायची. त्या औषधाने फुप्फुसं बिघडू लागली, तर गाण्यातला दम ऐकून ते थांबवणंही तिचंच काम. पण कीर्तनात बुवांचा दम सरला, की टाळकरी रंगनाथ अभंगाचं चरण उचलून धरायचा, रीतच ती. चकतीला वाटे, बुवाच गाताहेत.

"फुप्फुसं निबर झालीत. औषध बदललंय, पण गेलं ते गेलं," डॉक्टर म्हणाले. "यापुढे चकतीला यांचाच दम ऐकू द्या."

रंगनाथला हुंदका फुटला.

"अरे वेड्या," बुवा खोकत हसले, "मलाही वाटायचं, म्हातारपणी आवाज काय लागतोय!"

एकादशीला बुवा उभे राहिले. दुसऱ्याच चरणाला दम तुटला. सवयीने त्यांनी मागे पाहिलं.

रंगनाथने टाळ छातीशी धरले आणि ओठ घट्ट मिटले.