घरच्यांचे आभार

"सूची म्हणजे काय गं, निव्वळ कारकुनी काम," वडील म्हणाले. "दोन आठवड्यांत उरकशील तू."

वजनमापांच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ दुसऱ्यांदा छापायला चालला होता. मध्येच एक नवं प्रकरण घुसल्यानं पुढची सगळी पानं सरकली होती. ग्रंथाच्या शेवटी असते ती सूची, कुठला शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी, नव्यानं करायला हवी होती. पहिली आईनं केली होती. तीन वर्षं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एकेका शब्दाची चिठ्ठी लिहून. आई जाऊन चार महिने झाले होते.

"करते," मुलगी म्हणाली. "पण या खेपेला प्रस्तावनेत आईचा उल्लेख करा."

"अगं, घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात. परकेपणा वाटतो."

पहिल्या प्रस्तावनेत पावणेदोन पानं आभारच होते. ग्रंथपालाचे, प्रकाशकाचे, चष्म्याची काडी वेळेवर बसवून देणाऱ्या दुकानदाराचेसुद्धा. आईला परकं वाटू नये याची मात्र पुरेपूर काळजी घेतलेली होती.

"मग सूचीही घरच्याच माणसानं करावी," मुलगी म्हणाली. "तुम्हीही घरचेच ना? तुम्ही करा, बाबा."

वडील बसले. पहिल्या दिवशी त्यांनी पेन्सिलींना टोकं काढली. दुसऱ्या दिवशी त्यांची मान धरली. आठवड्यानं 'अ' संपला, तेव्हा वाघ मारून आल्यासारखे ते घरभर हिंडले. 'क'पाशी चिठ्ठ्या उडतात म्हणून पंखा बंद करायला लावला, मग उकडतं म्हणून सगळ्यांवर डाफरले. अधूनमधून चेहरा खुलायचा. "हे बघ, तुझ्या आईची चूक! 'तागडी' दोनशे दहावर म्हणे. जुन्या आवृत्तीतच आहे दोनशे अकरावर!"

सात महिन्यांनी 'ज्ञ' आला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सूचीची हकिगत ऐकावी लागू लागली.

प्रस्तावनेची प्रुफं नेहमीप्रमाणे मुलीकडे आली. या वेळी नुसत्या सूचीवर अडीच पानं होती. 'हे काम किती किचकट, किती चिकाटीचे, याची वाचकाला कल्पना नसते. प्रस्तुत लेखकाने ते एकट्याने तडीस नेले.' आणि अगदी शेवटी: 'पहिल्या आवृत्तीच्या सूचीत तीन चुका राहिल्या होत्या. ती सूची माझ्या दिवंगत पत्नीने केली होती.'

मुलीनं लाल पेन उचललं, ते खोडण्यासाठीच. मग ती वाक्यं तिनं पुन्हा वाचली. पेन खाली ठेवून तिनं कपाटातून जुनी आवृत्ती काढली आणि आईच्या सूचीवर एकेका ओळीला बोट लावत दुपारभर मोजत बसली.

संध्याकाळी प्रुफं परत गेली. एक अक्षरही खोडलेलं नव्हतं. 'सूचीत'च्या आधी फक्त एक खूण होती आणि समासात लाल शाईनं लिहिलं होतं: 'सहा हजार आठशे चाळीस नोंदींच्या'.