पुढे या

बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात बर्फ भरला होता आणि बर्फात सरबताच्या बाटल्या माना वर काढून उभ्या होत्या. म्हातारे पाळक दारातच थबकले. याच कुंडातलं पाणी त्यांनी स्वतःच्या लेकाच्या कपाळावर घातलं होतं.

मंडळी आटत गेली, छपराची डागडुजी परवडेना, तेव्हा वरच्या धर्माधिकाऱ्यांनी चर्च विकून टाकलं. घेणाऱ्याने तिथे कॉफीहाउस काढलं. बाकं ठेवली, रंगीत काचा ठेवल्या, क्रूससुद्धा ठेवला. त्याने वातावरण येतं म्हणे. दारालगतच्या खिडकीत एक काळा फळा टांगला होता. त्यावर रोजचे पदार्थ आणि संध्याकाळचे कार्यक्रम खडूने लिहिलेले असत.

पाळकांची बायको आत आलीच नाही. ‘‘मला नाही बघवणार. तुमचं काय ते उरकून या,’’ म्हणून ती समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर बसून राहिली. नवऱ्याचं काय राहून गेलंय ते तिला पाठ होतं. शेवटची कित्येक वर्षं प्रत्येक उपदेशानंतर त्याने हात पसरून म्हटलं होतं, ‘‘ज्याला प्रभूकडे यायचंय त्याने पुढे यावं.’’ आणि कोणी उठलं नव्हतं. जुन्यांना उठायचं कारण नव्हतं, नवं कोणी फिरकत नव्हतं. आता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. या गर्दीतला एक, फक्त एक जण पुढे आला तरी जन्माचं सार्थक होईल, असं पाळकांनी मनाशी धरलं होतं.

‘‘मला इथे उभं राहून बोलायचंय,’’ ते मॅनेजरला म्हणाले. ‘‘हाकलून दिलंत तरी मी बोलणार.’’

‘‘हाकलायचं कशाला, आजोबा? इथे ज्याचं त्याचं खरं असतं,’’ मॅनेजर हसून म्हणाला. त्याने पुलपिटावरची, उपदेशाच्या त्या उंच चौथऱ्यावरची, साखरेच्या पुड्यांची टोपली उचलली आणि माइक सुरू करून दिला. शिव्या खायच्या तयारीने आलेला माणूस क्षणभर गडबडलाच.

मग मात्र पाळक बोलले. पापाबद्दल बोलले, क्षमेबद्दल बोलले, मरणाबद्दल तर असे बोलले की कपबश्यांचा आवाज थांबला. ‘‘मी सांगतो ते खरं तरी आहे, नाहीतर साफ खोटं आहे,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘खोटं वाटत असेल तर मला आत्ता बाहेर काढा. खरं वाटत असेल तर पुढे या.’’ आणि त्यांनी हात पसरले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. फोन वर धरलेले होते. एक दाढीवाला म्हणाला, ‘‘मी देवबिव मानत नाही, पण तुम्ही मानता ना, ते इतकं गोड वाटलं!’’ एका मुलीने विचारलं, ‘‘हे लिहून कोण देतं हो तुम्हाला?’’ कोणी चिडलं नाही, कोणी वाद घातला नाही. पूर्वी एका दारुड्याने भर उपदेशात त्यांच्या अंगावर चप्पल भिरकावली होती. तो दारुडा पाळकांना आज सख्ख्या भावासारखा आठवला.

‘‘एक नंबर, आजोबा!’’ मॅनेजर जवळ येऊन म्हणाला. ‘‘दर रविवारी या. आणि ते हात पसरून ‘पुढे या’ म्हणता ना, ते अजिबात गाळू नका.’’

पाळक पायरी उतरतात तोच खांबाजवळच्या टेबलावरून एक बाई उठली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे वाहत होते.

‘‘मी आले,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही म्हणालात ना, पुढे या.’’

तिच्या मागे फोन अजून वरच होते. पाळकांनी एकवार फोनांकडे पाहिलं, एकवार तिच्याकडे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

‘‘छान,’’ ते म्हणाले. ‘‘रडणं हुबेहूब जमलंय. कुठल्या नाटकात असता?’’

कोणीतरी खो खो हसलं. बाई ‘‘चुकलं माझं,’’ एवढंच पुटपुटली, पर्स उचलली आणि टेबलांमधून वाट काढत निघून गेली.

‘‘आमची माणसं नाही हो असं काही करत,’’ मॅनेजर ओशाळून म्हणाला. ‘‘ती रोज येऊन एकटीच बसते. कॉफी मागवते आणि तशीच टाकून जाते. आज पहिल्यांदाच तोंड उघडलं तिने.’’

टेबलावर कॉफीचा भरलेला कप होता. त्यावर साय धरली होती. बशीत चुरगळलेल्या कागदी रुमालांचा ढीग पडला होता.

पाळक धावले. म्हातारे पाय ते कितीसे धावणार! कुंडाला मांडी आपटली, एक बाटली फुटली. रस्त्यावर येऊन त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. दिवे लागले होते, माणसं घरी चालली होती, आणि ती त्यांच्यात कुठेच नव्हती.

बायको मात्र बाकावरून लगबगीने उठून आली. इतकी वर्षं उतरलेला तिचा चेहरा उजळला होता.

‘‘अहो, एक बाई रडत रडत बाहेर पडली, मी पाहिलं! तुमच्याकडे आली होती ना ती? पुढे आली होती ना?’’

‘‘आली होती,’’ पाळक म्हणाले.

‘‘ऐकलं हो देवाने!’’ तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. ‘‘मग? काय म्हणालात तिला?’’

पाळकांनी मागे वळून पाहिलं. खिडकीच्या काचेआड मॅनेजर फळ्यावर खडूने ठळक अक्षरांत लिहीत होता : ‘दर रविवारी संध्याकाळी — खरेखुरे पाळक.’