आज्याची दुनळी

"रतन, बघ हिच्या पोटात. तीन होती, तीन! आन् तुला एक जमंना."

हिंदुरावानं फाडलेली सशीण उंबऱ्यावरच टाकली. डोळे न उघडलेली गुलाबी पिल्लं पायरीवर सांडली. रतनबाईनं ती सुपात गोळा केली. लग्न झाल्यापासून तिचं हेच चाललं होतं. सोलायचं, धुवायचं, शिजवायचं, आणि वर हा खातो कसा ते बघायचं. मिशीला लागलेला रस्सा, हाडं चोखायचा तो आवाज, बोटं पुसायला तिचाच पदर. शी! माणूस म्हणावा की तरस? खाऊन ढेकर दिला की मग त्याचं पुराण सुरू व्हायचं. ऐकायला बायको होतीच.

"माझा आजा आधी ठासणीची बंदूक वापरायचा. नळीच्या तोंडातनं दारू ठासा, छर्रे ठासा, तवर ससा चाकणात पोचायचा! मग ही आली." त्यानं ती दोन नळ्यांची दुनळी मांडीवर बिजागरीत मोडून उघडली. इंग्रज साहेब गेला, पण त्यानं आज्याला बक्षीस दिलेली ही बंदूक घरात राहिली. तिला हिंदुराव कुणाला शिवू द्यायचा नाही. "मोडा, काडतूस घाला, मिटा, घोडे चढवा, ठो! माझी नवी तर बिनघोड्याची. मोडली की घोडे आतल्या आत चढत्यात."

रतनबाई पायरी धूत होती.

"आन् काडतुसं भरताना ध्यान दे. आज्याची नळी तारा वेटाळून केलेली हाय. तिला काळी दारूच. नव्या बंदुकीची करडी दारू तिच्यात गेली, तर नळी फाटून थोबाड उडंल माझं."

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

काडतुसं तीच भरायची. रिकाम्या नळकांड्यात बुडाला ठिणगीची टिकली, मग दारू, चकती, छर्रे, वर मेण. त्या संध्याकाळी तिनं आज्याच्या दुनळीची काडतुसं भरून पट्ट्यात खोवली. शेवटची दोन अगदी पुढच्या घरात, कारण त्याचा हात आधी तिथंच जायचा. मग काळ्या आणि करड्या दारूचे दोन्ही डबे फळीवर ठेवले आणि राख लावून हात धुतले.

सकाळी उन्हं वर आली आणि दारात मालोजी उभा! तिचा पाठचा भाऊ, पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेला. किती निरोप धाडले होते, पण पठ्ठ्या कधी फिरकला नव्हता.

"आक्का, कासारवाडीला खोली घेतली. लुगडी बांध. सांजच्याला निघायचं, आन् परत यायचं न्हाई."

रतनबाईची नजर फळीवरच्या डब्यांकडं गेली. अगं बाई, सुटका अशी चालत दारात येते होय! आणि यायची ती आजच?

हिंदुराव गोड हसला. "न्या की. पर मेव्हणं आलं न् शिकार न्हाई, आसं कुठं आसतंय? ही नवी बंदूक घ्या. पहिला बार पाहुण्याचा."

आज्याची दुनळी त्याच्या खांद्यावर आणि तिचा पट्टा कमरेला होता. रतनबाई घाईनं पुढं झाली. "अवं, आज नगा जाऊ. द्या तो पट्टा इकडं."

"हो बाजूला, वांझोटे!" त्यानं कोपरानं ढकललं.

तिनं मालोजीचा हात धरला. "त्येंच्याजवळ उभा ऱ्हाऊ नगंस. लांब ऱ्हा."

"आगं, मी काय कुकुलं बाळ हाय?"

हाकारे घालणारे गडी घेऊन दोघं माळाकडं गेले. रतनबाई गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. गाठ मारायची, सोडायची, परत मारायची.

बार झाला. नेहमीपेक्षा मोठा.

मग चौघं गडी कुणाला तरी घोंगडीत घालून आणताना दिसले. तोंडावर टाकलेलं मुंडासं रक्तानं भिजलं होतं. रतनबाईनं ते उचलून पाहिलं नाही. तळहातानं कुंकू खसकन पुसलं, बांगड्या उंबऱ्यावर आपटल्या आणि हंबरडा फोडला.

"मी नगं म्हणत हुतो." गड्यांच्या मागून हिंदुराव पुढं आला. धडधाकट. हातात नवी बंदूक. "तुझा भाऊच हट्टाला पेटला. म्हणला, घोडे दिसत न्हाईत त्या बंदुकीचा भरवसा काय? मला जुनी द्या. पाहुण्याला न्हाई कसं म्हणू? बंदूक दिली, पट्टा दिला..."

तो तिच्या कपाळाकडं बघत राहिला.

"रतन, मी जित्ता हाय की. मग तू कुंकू कुणाचं पुसलंस?"