जादाचा पंप

फिटर आणि मास्तर, दोघांकडे एकाच बनावटीचे पन्नास वर्षांपूर्वीचे ट्रक होते. फिटरचा दणक्यात चालायचा. मास्तरांचा ट्रक मात्र इंजिनातला डिझेल पंप गेल्यापासून अंगणात उभा होता, आणि तसा पंप आता कुठेच मिळत नव्हता.

फिटरकडे एक जादाचा होता, तेलकट फडक्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलेला. मास्तरांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "माझ्याकडे कुठला असायला?"

मास्तरांनी तीन वर्षं भंगारबाजार पालथे घातले, मग एकाएकी शोध सोडला. दर रविवारी मात्र ते फिटरच्या ट्रकमध्ये शेजारी बसून लांबवर फिरून यायचे.

मास्तर गेले. महिन्याभराने फिटर पंप घेऊन त्यांच्या घरी पोचला.

"वहिनी, कालच हाती लागला. बसवून देतो. एकदा तरी गाडी सुरू होऊ दे."

वहिनींनी पंपावरून हात फिरवला.

"भावजी, तुमच्या खाटेखाली हा त्यांनी कधीच पाहिला होता. मी म्हणायचे, मागून घ्या की. तर म्हणायचे, 'अगं, उद्या त्याचा पंप गेला, तर रविवारी आम्ही दोघं जाणार कशातून?'"